मागचा लाल दिवा

ऐंशी सालाच्या आसपास त्र्यंबक नाक्यावर एक पेरूवाला उभा असायचा. येणाऱ्याजाणाऱ्या मोटारींचे मागचे दिवे बघायची त्याला भारी हौस. गिऱ्हाईक ताटकळत ठेवून तो ओरडायचा, "साहेब, डावा गेला!" आमच्या जुन्या गाडीची वायर तर कायमच सैल. मी ब्रेक दाबायचो, तो मागे वाकून बघायचा आणि दिवा लागला की टाळी वाजवायचा. "आपला मागचा दिवा आपल्याला कुठं दिसतो?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

एका संध्याकाळी तो माझ्या गाडीच्या पुढं सायकलवरून घरी निघाला होता. मागे दिवा सोडा, साधी लाल काचही नव्हती. खिडकीतून डोकं काढून मी ओरडलो, "अहो, तुमचा मागचा दिवा?"

मान न वळवता तो म्हणाला, "तुम्ही हाय की मागं!"

मग काय, त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मी सायकलच्या चालीनं गाडी चालवली.