खुरप्यानं फोडलेलं आभाळ

सन २०१९. मी एकाहत्तरीचा. शाळा चौथीपर्यंतच, पण कळंबात आमच्या आळीत पहिला फ्रिज माझ्या घरी आला. दसऱ्याला ट्रॅक्टरबरोबर त्यालाही झेंडूचा हार घालायचो.

त्या उन्हाळ्यात फ्रिजात बर्फाचा डोंगर झाला. बायको म्हणाली, "बंद करून ठिवा, वितळंल." मी खुरपं आणलं. जन्मभर हराळी काढली, बर्फ काय चीज! दोन-चार घाव घातले आणि आतून फुस्स आवाज आला.

मेकॅनिक आला. "तात्या, नळी फोडली, गॅस उडाला. जुना गॅस हाय हा, आता बंद झालाय. वर जाऊन ओझोनचा थर पातळ करतो. मग उन्हाचे वाईट किरण खाली येत्यात. कातडी भाजती, मोतीबिंदू व्हतो."

शेजारचा किराणावाला, माझा लंगोटीयार, ओट्यावरच होता. त्याला मोतीबिंदू झालेला, पण भीतीनं ऑपरेशन वर्षभर टाळत होता. त्याच आठवड्यात त्यानं साखर म्हणून मीठ बांधून दिलं न् आमच्या पाव्हण्यांनी खारट चहा प्याला. मेकॅनिकचं ऐकून तो ताडकन उठला.

"म्हंजी माझा डोळा ह्यानं घालवला!"

"लेका, गॅस आत्ता सुटला. तुझा डोळा कवाचा गेलाय."

"मग हा दुसऱ्या डोळ्यासाठी सोडला व्हय?"

"अवो, वर जायाला वर्षं लागत्यात," मेकॅनिक सांगत होता. "आन् जगानं हा गॅस वापरायचा बंद केलाय, थर भरत चाललाय. तुमी खुरपं आवरा फकस्त."

ऐकतो कोण? दोस्त म्हणाला, "हे खोकं घरात हाय तवर मी ऑपरेशन करणार न्हाय. नवा डोळा परत जाळून घिऊ का?"

"मग ऱ्हा आंधळा. फ्रिज हलणार न्हाय."

तो फणकाऱ्यानं निघाला. गोठ्यापाशी थांबून म्हशीला हात जोडून म्हणाला, "येतो, वहिनी."

बायको माझ्या मागं उभी होती. मी पोट धरून हसलो. ती हसली नाही. मग मलाही हसू येईना. गड्याला खरंच काही दिसत नव्हतं.

"जा रं, काढतो फ्रिज," मी ओरडलो. "पण टेंपोत तू बी बसायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिजला शेवटचा हार घातला, दोस्ताला टेंपोत फ्रिजला टेकवून बसवलं आणि बारामती गाठली. आधी दोस्त दवाखान्यात उतरवला, मग फ्रिज भंगारात. येताना काळा चष्मा घेतला. दोस्ताला नाही, त्याला दवाखान्यातून मिळणार होता. मला. वरचा थर भरेपर्यंत आपले डोळे आपणच जपलेले बरे.