आतलं काय म्हणतंय?

कर्ज मागणाऱ्याच्या ओसरीवर तात्या बसायचे ते माजघराकडे तोंड करून. शेजारी घरमालक तावातावाने आपली निकड सांगत असायचा आणि ह्यांचं लक्ष दुसरीकडेच. त्याचं सगळं सांगून झालं की आतल्या दाराकडे मान कलती करून विचारायचे, "आतलं काय म्हणतंय?"

आतून उत्तर आल्याशिवाय कागदावर सही नाही.

तात्या आमच्या पतसंस्थेच्या विंझर शाखेचे मॅनेजर. मी भोरहून कापूरहोळला एसटी बदलून येणारी त्यांची कारकून. घर बघायला जाताना ते मलाही बरोबर न्यायचे. तुम्ही मॅनेजर पाहिले असतील ते काचेच्या केबिनमधले. आमच्या मॅनेजरांच्या धोतराला कायम कुणाच्या तरी ओसरीचं शेण लागलेलं असायचं.

एकाला गडावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी जीप घ्यायची होती. हिशेब त्याने झकास मांडला. मला तर पटलाच. तात्यांनी मान कलती केली. आतून आवाज आला, "मागल्या मोटारसायकलीवर कोंबड्या बसत्यात म्हनावं!" तात्यांनी चहा संपवला आणि उठले. वाटेत म्हणाले, "ताई, जीप त्याला पायजे. घराला न्हाई."

काही बायका सासऱ्यासमोर बोलायच्या नाहीत. तिथे तात्या भांड्यांवरून ओळखायचे. भांडं आदळलं तर नाही, अलगद ठेवलं तर हो. मी हसायचे, पण आमच्या शाखेला वसुलीसाठी कधी गाडी पाठवावी लागली नाही, हेही खरं. हप्ता लांबणार असला की घरातली बाईच आधी निरोप धाडायची. भोरच्या मुख्य कचेरीत मात्र त्यांची 'चहा पिऊन कर्ज देणारे' अशी थट्टा चालायची.

पासलीच्या एका घरी बोअरसाठी अर्ज होता. तात्यांनी नेहमीचा प्रश्न टाकला तेव्हा घरातल्या वहिनी दारातच येऊन उभ्या राहिल्या. "बोअर ऱ्हाऊ द्या. गावाला भाताची गिरण द्या," म्हणाल्या. "आमचं भात टेम्पोनं विंझरला जातंय. भाडं आमचं, कोंडा गिरणवाल्याचा. आमी बाया मिळून चालवू की हितंच."

तात्यांनी हातातली बशी खाली ठेवली. निवृत्ती जवळ आली होती. तरी त्या दिवसापासून त्या माणसाला गिरणीशिवाय दुसरं काही सुचेना. लाइटच्या जोडणीची चौकशी केली, यंत्र बघून आले, बायकांना चार ठिकाणच्या गिरण्या दाखवल्या. भोरला संचालकांनी विचारलं, तारण काय? एकाही बाईच्या नावावर जमीन नव्हती. तेव्हा वहिनींचे मालक सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी रस्त्याकडंची पट्टी घ्या तारण, गिरणबी तिथंच बांधा. व्हय, देतो की." त्या दिवशी तात्या एसटीत गुणगुणत होते.

प्रकरण पुन्हा भोरला गेलं आणि तिथेच पडलं. आज हा शेरा, उद्या तो. त्याच टेबलावरून पुण्याच्या लोकांची प्लॉटसाठीची कर्जं मात्र सकाळी येऊन दुपारी मंजूर होत होती.

शेवटी निदान शेडची आखणी तरी करून ठेवू म्हणून आम्ही पासलीला गेलो, तर पट्टीभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार. मालकांनी ती पुण्याच्या माणसाला विकली होती. घेणाऱ्याला कर्ज दिलं होतं आमच्याच संस्थेने. मुख्य कचेरीतून परस्पर.

वहिनी तारेपाशी उभ्या होत्या. तात्यांना म्हणाल्या, "मला इचारलं न्हाई वो कुणी. ह्यांनीबी न्हाई, तुमच्या ब्यांकेनंबी न्हाई."

परतताना तात्या फक्त एवढंच म्हणाले, "कागद बराबर हाय, ताई. सातबाऱ्यावर त्याचं एकट्याचंच नाव हाय."

मला ह्याचीच जास्त चीड येते. कुणी लबाडी केली असती तर भांडता तरी आलं असतं. त्या वर्षी संस्थेची भरभराट झाली म्हणून पेढे वाटले. तात्यांनी आपला पेढा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते कपाट आवरायला लागले.

पुढे ते निवृत्त झाले आणि गेल्या पावसाळ्यात गेलेच. आता कर्ज मोबाईलवर होतं. ओसरीवर बसावं लागत नाही, कर्जदाराचा दारातला फोटो काढला की झालं.

मागच्या महिन्यात मी पासलीच्या त्याच घरी गेले. मालकांना टेम्पो घ्यायचा आहे. कशासाठी, तर गावाचं भात विंझरच्या गिरणीला न्यायला.

वहिनींनी चहा आणला. एक कप जास्त होता. त्यांनी माझ्या मागे वाटेकडे पाहिलं. "ते न्हाई आलं?" मी सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या, तो कप तसाच निवत राहिला.

फोटो काढताना मला राहवेना. म्हटलं, "वहिनी, तुम्हीपण या." मालक म्हणाले, "तिचं काय काम?" तरी त्या पदर सारखा करून शेजारी उभ्या राहिल्या. मोबाईलवर लाल अक्षरं आली, एकच चेहरा हवा. मी पुन्हा काढला. पुन्हा तेच.

"ऱ्हाऊ द्या, ताई," म्हणत त्या आत गेल्या.

मग मालकांचा एकट्याचा फोटो लगेच घेतला गेला. कर्ज मंजूर झाल्याचा संदेशही आला. मी उठले नाही. आतल्या दाराकडे कान देऊन तशीच बसले. भांडं वाजलं नाही.