मागाच्या खिडकीला पडदा

आमच्या घराची पुढची खिडकी जमिनीपासून वीतभर वर सुरू होते आणि माणसाच्या कमरेशी संपते. बाहेरचे पाहुणे हसतात. भंडाऱ्यातल्या आमच्या गल्लीत कोणी हसत नाही, कारण एकेकाळी इथल्या प्रत्येक घराला अशीच खिडकी होती. विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून जमिनीलगत बसतो आणि उजेड त्याच्या हातावर पडावा लागतो. म्हणून खिडकी बुटकी, आणि तिला पडदा लावायचा नाही ही गल्लीची रीत. जाणारा-येणारा वाकून विचारायचा, "कुठवर आलं लुगडं?" बाबा मान न उचलता उत्तर द्यायचे आणि हातातला धोटा सुतातून इकडून तिकडे चालूच असायचा.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. माग मोडला, खड्डा बुजवला, वर फरशी आली. तरी तेवढ्या चौकोनात पाऊल पडलं की आवाज बदलतो, पोकळ येतो. भराव खाली बसला असेल, असं मिस्त्री म्हणाला. असेलही. मी मात्र तो चौकोन टाळून चालते, आणि का टाळते हे कोणी विचारलेलं मला आवडत नाही.

गेल्या पावसाळ्यात आई पडली आणि तिच्या कंबरेचं हाड मोडलं. मागच्या खोलीत जायला पायऱ्या उतराव्या लागतात, म्हणून तिचा पलंग पुढच्या खोलीत आणला. जागा एकच होती, अर्धी त्या चौकोनावर येणारी. आई आता बसल्या बसल्या अंग पुसते, लुगडं बदलते, आणि नेमकं तेव्हाच बाहेरून कोणीतरी वाकतं, "काकू, बरं वाटून राहिलं का?" माग गेला पण गल्लीची वाकायची खोड काही जात नाही. विचारणाऱ्याच्या पोटात पाप नसायचं, त्यामुळे भांडताही येत नव्हतं. माझाच जळफळाट व्हायचा.

खिडकीच्या लाकडी झापा लावून घेतल्या तर खोलीत अंधार आणि उकाडा. म्हणून मी बाजारातून जाड, मरून रंगाचा पडदा आणला. दुसऱ्या दिवशी लाखनीच्या शाळेतून शिकवून परत आले, तर आईने त्याची गाठ मारून तो गजाला बांधून ठेवला होता. मग बांबूची चिक आणली. ती तिने शेजारणीकडून गुंडाळून घेतली.

"काहून गुंडाळली वो?"

"उजेड येत नाई."

चिकेतून उजेड येत होता. पण आईशी वाद घालून जिंकलेला माणूस आमच्या घराण्यात अजून जन्मायचा आहे. मला वाटायचं, ही अजून बाबांसाठी उजेड राखतेय. मनातल्या मनात चिडायचे मी. मेलेल्या माणसाला उजेड आणि जिवंत बाईला आडोसा नाही, हा कुठला न्याय?

पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने इतके नमुने उलगडले की भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली. शेवटी पांढरं, बारीक जाळीचं कापड निवडलं. दिवसा आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही नाही. दिवा लागला की मात्र उलटं होतं, तेव्हा झापा लावायच्या. उजेडही हवा आणि आडोसाही, यावर याहून चांगला तोडगा नव्हता.

रविवारी सकाळी पडदा लावला, आईला पलंगावर बसवलं आणि खात्री करायला मी गल्लीत गेले. वाकून पाहिलं. नुसतं पांढरं.

"आई, मी दिसतेय का?"

"दिसून राहिली."

"तू मला अजिबात दिसत नाहीस. मस्त झालंय."

"आई, आवडला का?" उत्तर नाही. मी गजांना तोंड लावून पुन्हा हाक मारली. आत काही हललं नाही. पडद्याआड ती बसलेली आहे की आडवी पडली आहे, कळेना. धावत आत गेले, तो चौकोनबिकोन काही पाहिला नाही.

आई होती तशीच ताठ बसलेली होती. माझ्याकडेच बघत होती.

"आवाज काहून नाई दिला?" मी ओरडलेच.

"तुले दिसली का मी?"

"नाही."

"तुहा बाबा बी कोनाले दिसला नाई."

बाबा मागावरच गेले, एवढंच मला माहीत होतं. मी तेव्हा नागपूरला शिकत होते. बाकीचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. उन्हाळ्यात कोरड्या हवेने सूत सारखं तुटतं, म्हणून विणकर खिडकीवर ओलं पोतं टांगतात. तेवढे दिवस खिडकी झाकलेली चालते.

"मीच टांगलं पोतं, अन् एकोडी गावाले लग्नाले गेली. माग थांबला तं लोकायले वाटलं, सूत तुटलं असंल, जोडत असंल. पोत्यापायी कोनी वाकलं नाई. मी आली तं पोतं सुकून कडक झालं होतं."

मी तिच्याजवळ बसले. तिचा हात धरला. पडदा काढते म्हणाले, तर तिने मान हलवली. लाज तिलाही होतीच की. इतके महिने ती लाज गिळून बसली होती, कारण दिसेनासं होण्याची भीती तिला जास्त होती.

"राहू दे. कपडे बदलतानी ओढीन," ती म्हणाली. "पन तेवढा वेळ मी बोलत राहीन. तू आयकत राहाजो."

तेव्हापासून ती पडदा ओढते आणि बोलू लागते. आज भाजी काय, शेजारणीची सून कधी येणार, पाय कुठे दुखतोय. मी शाळेत असते तेव्हा शेजारीण कान देऊन असते. हे बोलणं माझ्याशी नसतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं, कारण मधे मधे ती थांबते, उत्तर ऐकल्यासारखी, आणि मग हसते किंवा रागावते. ती थांबली की स्वयंपाकघरात माझा हात थांबतो. ते उत्तर मला ऐकू येत नाही. तिचा आवाज पुन्हा येईपर्यंत मी श्वास रोखून उभी राहते.