कॉटचं माप

जुनं फर्निचर विकत घेणारा माणूस टेप घेऊन खाली वाकला, तेव्हा कॉटवर बसलेल्या माझ्या आईनं आपले पाय वर घेतले. लादी पुसताना घ्यावेत तसे, अगदी सहज.

मी निवृत्त झालो आणि आम्ही नवराबायको आता कायमचे मुलीकडे कॅनडाला निघालोय. माझी तयारी बघून बायको म्हणते, "ऑफिसात एवढं लक्ष घातलं असतंत तर साहेब झाला असतात." खरंच आहे. आपला मिक्सर तिथल्या विजेवर चालतो का, गोडा मसाला विमानतळावर अडवतात का, गच्चीतल्या कुंड्या कोण नेईल, सगळं मी विचारून ठेवलंय.

"ही कॉट विकायची नाही," मी त्या माणसाला म्हटलं. "ती दादाकडे जाणार."

"अच्छा," आई म्हणाली. "म्हणजे मीही तिकडेच का रे?"

दादाशी माझं बोलणं झालं होतं, वहिनीशी झालं होतं, डॉक्टरांशीसुद्धा. आईशी तेवढं राहून गेलं होतं. घर आवरायला काढलं की दिसेल त्याची सोय लावायची सवयच लागते हाताला. आणि सोय लावताना आपण फार चांगले वागतोय असंच वाटत असतं.

"तुला विचारणारच होतो गं," मी पुटपुटलो.

"असू दे. तुझी केवढी धावपळ चाललीय. दादाच्या खोलीत कॉट मावेल ना, तेवढं बघ."

मावणार होती. ते मात्र मी स्वतः जाऊन मोजून आलो होतो.