आतली खोली

गल्लीतली पोरं त्यांना मापकाकू म्हणायची, आणि ते नाव इतकं चिकटलं की पोस्टमनही त्याच नावानं विचारत यायचा. दारातून माणूस आत आलं की काकू एकदा वरपासून खालपर्यंत नजर टाकायच्या आणि खांदा, कंबर, उंची एका दमात सांगून मोकळ्या व्हायच्या. टेप गळ्यात असायची, पण नुसती शोभेला. एखादी नवी बाई "काकू, एकदा टेप लावून बघता का?" म्हणालीच, तर त्या टेप लावायच्या, आकडा तिलाच वाचायला सांगायच्या आणि तोवर सुईत दोरा ओवून घ्यायच्या.

घर तीन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत नवऱ्याची खुर्ची आणि त्याचा जुना कॉम्प्युटर. मधल्या खोलीत शिवणाचं मशीन, कापायचं टेबल, आणि खिडकीजवळच्या फळीवर प्रिंटर. त्याच्या मागची आतली खोली लेकीची.

प्रिंटर लेकीनंच हट्टानं आणला होता. काकूंची कागदी कटिंग्ज, गळे, कॉलर, बाह्या, सगळी खोक्यांत कोंबलेली असायची आणि त्यांना कसर लागायची. "आई, तू जन्मभर कापलंस ते ही कसर खाऊन टाकणार," ती म्हणाली, आणि काकूंना स्कॅन करायला शिकवलं. वायर लावायची नाही, कॉम्प्युटर उघडायचा नाही. कागद काचेवर पालथा ठेवायचा. छोट्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत दोन नावं यायची, 'बाबा' आणि 'आतली खोली'. दुसरं निवडायचं, हिरवं बटण दाबायचं. काचेखालून उजेड सरकत जायचा, टुंग वाजायचं, आणि आतल्या खोलीतून आवाज यायचा, "आलं गं."

कधी जोडीला, "आई, कॉलर उलटी आलीय."

"कॉलर नाही, तूच उलटी बसली असशील," काकू इथून म्हणायच्या.

लेक आजारी पडली तेव्हा ते आधी कळलं काकूंच्या नजरेला. कपडे वाळत घालताना नाही, औषधाच्या चिठ्ठीवरून नाही. ती दारातून आत आली आणि काकूंना दिसलं की खांद्याची शिवण खांद्याखाली उतरली आहे. मनात आकडा आपोआप आला आणि त्यांनी तो गिळून टाकला. पुढे तो आकडा रोज यायचा, रोज थोडा कमी. डॉक्टर वजनाचा काटा बघून काय ते सांगायचे, काकू खाली मान घालून ऐकायच्या. त्या दिवसांत त्या लेकीकडे बघताना तिच्या डोळ्यांकडेच बघायच्या, खाली नजर जाऊ द्यायच्या नाहीत. लेकीलाही ते समजलं असावं. ती चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायची.

ती गेल्यावर खोली आवरली, औषधं टाकून दिली. लॅपटॉप तेवढा टेबलावर राहिला, चार्जरला लावलेला, चालू. त्याला पासवर्ड होता आणि तो ती कुणाला सांगून गेली नव्हती. नवऱ्यानं जन्मतारीख टाकून पाहिली, शाळेचं नाव टाकून पाहिलं, 'मापकाकू'ही टाकून पाहिलं, मग नाद सोडला. दुकानदारानं सांगितलं, याचं कुलूप असं आहे की तोडायला गेलं तर आतलं सगळं पुसलं जातं. मग त्याला कुणी हात लावला नाही.

एक दिवस एका लहान मुलीच्या कोटाची कॉलर कापून झाली आणि काकूंनी सवयीनं ती काचेवर ठेवली. दुसरं नाव, हिरवं बटण. उजेड सरकला. टुंग वाजलं. पडद्यावर 'पूर्ण झालं' असं आलं, आणि काकू तशाच उभ्या राहिल्या. आतून आवाज आला नाही. पण कॉलर आत पोचली होती, एवढं मशीननं सांगितलं होतं.

त्यानंतर त्या रोज काहीतरी आत पाठवू लागल्या. कटिंग असायचंच. पण कधी नव्या कापडाचा तुकडा, कधी हस्तिदंती रंगाची चार बटणं, कधी रफू केलेला बाहीचा कोपरा, कारण रफू खरंच छान झालं होतं आणि दाखवायला कुणी नव्हतं. याबद्दल त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंही नसावं. वर्ष उलटून गेलं.

मग एका दुपारी वीज झटका देऊन गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. घरातला इंटरनेटचा डबा जळाला. कंपनीच्या माणसानं दुसरा आणून लावला, मोबाइल चालू करून दिले आणि गेला. प्रिंटर मात्र त्या दिवसापासून एकच वाक्य दाखवू लागला: 'कॉम्प्युटर सापडत नाही.' काकूंनी तो बंद केला, चालू केला, फडक्यानं पुसला. चार दिवस असे गेले. शेवटी त्यांनी दिराला बोलावलं. दीर ऑफिसांतली असली मशीनं दुरुस्त करायचा.

"वहिनी, तुमचा प्रिंटर म्हातारा झालाय," तो प्रिंटरसमोर स्टुलावर बसत म्हणाला. "माझ्यासारखा. दिसतं सगळं, ऐकू काही येत नाही."

"तुम्हाला ऐकू येतं, भाऊजी. तुम्ही ऐकत नाही, एवढंच. जाऊबाई सांगत होत्या."

दीर हसला. मागचा निळा दिवा बघितला, पडद्यावर इकडेतिकडे बोटं फिरवली. "हं. हा अजून जुन्याच डब्याला हाका मारतोय. तो तर जळाला. नव्याचं नाव वेगळं, पासवर्ड वेगळा. याला कुणी सांगितलंच नाही. आता नवं नाव शिकवतो आणि दादाच्या कॉम्प्युटरला जोडून देतो. झालं काम."

"दादाच्या नको," काकू म्हणाल्या. "आतल्या खोलीत जायला हवं."

दिराचं बोट पडद्यावर थांबलं. "आत कुणाकडे?"

"तिच्याकडे. तिथेच जायचं आजवर. हा बिघडायच्या आधी होतं तसं करून द्या, बाकी मला काही नको."

दिरानं डोळ्यांवरचा चष्मा काढून शर्टाला पुसला. मग म्हणाला, "एक करता येतं. नव्या डब्याला जुनंच नाव द्यायचं आणि जुनाच पासवर्ड. मग जी जी मशीनं जुन्याला ओळखत होती ती आपण होऊन परत येतात. पण जुना पासवर्ड लागेल."

"मापकाकू," काकू लगेच म्हणाल्या. "इंग्रजीत, सलग. मी विसरायला नको म्हणून तिनं तोच ठेवला होता."

दिरानं तो टाकला. डब्यावरचे दिवे विझले, पुन्हा लागले. थोड्या वेळानं प्रिंटरनं लुकलुकणं थांबवलं आणि निळा दिवा स्थिर झाला. काकूंनी तयार ठेवलेली बाही काचेवर पालथी घातली. दोन्ही नावं पडद्यावर होती. त्यांनी दुसरं निवडलं, बटण दाबलं. उजेड सरकलाच नाही. 'कॉम्प्युटर सापडत नाही.'

"पुन्हा बघू?" काकू म्हणाल्या.

पुन्हा तेच.

"लॅपटॉप चालू आहे ना?"

"आहे की. एरवी वीज गेली तरी बॅटरीवर टिकायचा, त्या दिवशी विझला. वीज आल्यावर मीच बटण दाबलं. नेहमीसारखा पासवर्ड मागतोय."

दीर उठून आतल्या खोलीत गेला. काकू मागोमाग गेल्या. टेबलावर धूळ नव्हती. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट होती, इतके दिवस होती तशीच. दीर ती बघायला वाकला.

"वहिनी, दिसायला तेच दिसतं," तो वळून न बघता म्हणाला. "पण आधी तिनं पासवर्ड टाकून उघडलेला होता. वरून कुलूप, आत सगळं चालू. म्हणून तुमचं घेत होता. आता तो पहिल्यापासून सुरू झालाय. एकदा कुणीतरी पासवर्ड टाकल्याशिवाय काही घ्यायचा नाही."

काकूंनी त्या रिकाम्या चौकटीकडे पाहिलं.

"म्हणजे तेव्हा दार आतून बंद होतं," त्या म्हणाल्या. "आता बाहेरून आहे."

"हो."

"आणि बटण मी दाबलं."

"नाही हो. तो विझला तेव्हाच गेलं ते. तुम्ही दाबलं काय, न दाबलं काय."

काकूंनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, कापड सारखं करताना फिरवतात तसा. मग म्हणाल्या, "चला, तुमचा चहा राहिलाय."

चहा झाल्यावर दिरानं बाहेरचा कॉम्प्युटर जोडून दिला. ती बाही अजून काचेवर होती. काकूंनी पहिलं नाव निवडलं. उजेड सरकला, टुंग वाजलं. बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली.

"अगं, इथे काहीतरी आलंय," नवरा म्हणाला. "काय करायचं याचं?"

काकूंनी काचेवरची बाही उचलली.

"ठेवून द्या," त्या म्हणाल्या.

निघताना दिरानं पिशवी खांद्याला लावली, मग परत प्रिंटरपाशी आला. "ते दुसरं नाव यादीतून काढून टाकू का? चुकून दाबलं जाईल."

"राहू द्या. जागा अडत नाही त्याची."

तो गेल्यावर काकूंनी आतल्या खोलीत जाऊन लॅपटॉप बंद केला. चार्जर काढला, त्याची वायर बोटांभोवती गुंडाळली. झाकण मिटलं. मग कपाटातून गडद निळं कापड काढलं. लेकीच्या एका कोटासाठी आणलेलं होतं, कापायची वेळ आली नव्हती. त्याची खोळ शिवायची होती, धूळ बसू नये म्हणून. लांबी, रुंदी, जाडी. असल्या सरळ चौकोनासाठी त्यांनी आयुष्यात कधी दुसऱ्यांदा पाहिलं नसेल.

त्यांनी गळ्यातली टेप काढली. लॅपटॉपच्या एका कडेला लावली, दुसऱ्या टोकापर्यंत ताणली आणि चष्म्यातून आकडा वाचला. खडूनं कापडावर खूण केली. मग ती खूण पुसून टेप परत लावली आणि पहिल्यापासून मोजायला घेतलं.