कोरड्या कुंडीतलं पाणी

माणिकपूरच्या रिक्षा स्टँडवर आज सोनचाफ्याचा वास आला आणि सहावीतली फिलोमिना आठवली. तिच्या वेणीत रोज चाफा असायचा.

सहलीत वसई किल्ल्यातल्या तळ्याकाठी डबे खाऊन आम्ही दोघी बिनछपराच्या चर्चमध्ये शिरलो. दाराशी पवित्र पाण्याची दगडी कुंडी होती, कोरडी ठणठणीत. फिलोमिनानं सहज तिच्यात बोटं बुडवली आणि क्रूसाची खूण केली.

"पाणी कुठाय यात?"

"आजी म्हणते, आपण बुडवायची. पाणी असतं."

मी साताऱ्याहून आलेली. मला गडांची नावं पाठ होती, पण आपसूक हात जावा अशी जागा एकाही गडावर नव्हती. त्या हेव्यानं आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही.

आता वसईजवळ बोळिंजला राहून तीस वर्षं झाली. पाहुण्यांना किल्ला मीच दाखवते. ते पुढे गेले की हळूच कुंडीत बोटं बुडवते.

माझी अजून कोरडीच निघतात.