श्रीगोंद्यातली सकाळची बैठक

गणपती उठले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मी नेवाशाहून श्रीगोंद्याला निघालो. आमच्या साखर कारखान्याचं ओव्हरहॉलिंग (गाळप बंद असताना सगळी यंत्रं उघडून दुरुस्त करण्याचं काम) माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी ते इतकं लांबलं की सभासदांचा ऊस शेजारचे कारखाने घेऊन गेले. ‘दसऱ्याला चाचणी झाली नाही तर खुर्ची सोडा,’ असं चेअरमनसाहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. श्रीगोंद्याजवळचा एक कारखाना हेच काम दरवर्षी वेळेत उरकतो. त्याच्याशी आपलं काम ताडून पाहायचं, म्हणजे बेंचमार्किंग करायचं, असं मीच सुचवलं होतं. सुचवताना फार हुशार वाटलं होतं.

नगरच्या अलीकडे एसटी पंक्चर झाली. सगळे खाली उतरलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “कुठं असता नोकरीला?”

“कारखान्यात,” मी पुटपुटलो.

“कोन्त्या?” त्यांनी डोळे बारीक केले. “आमचा ऊस मागल्या साली पार वाळून गेला उभा. लई वाट बघायला लावली बघा कारखान्यानं.”

मी भलत्याच कारखान्याचं नाव सांगितलं आणि चाक बघायला गेलो.

पोहोचेपर्यंत दिवे लागले होते. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, आणि तो माझ्याकडेच बघतोय असं उगीच वाटत होतं. गेस्ट हाऊसमध्ये बाजरीची भाकरी आणि शिपी आमटी (डाळीची पातळ, झणझणीत आमटी) होती. घाम फुटला. निदान आमटीवर ढकलता आला.

सकाळी तिथले चीफ इंजिनिअर खेडकरसाहेब मला मिल हाऊसमध्ये, म्हणजे ऊस पिळायच्या विभागात, घेऊन गेले. मी रात्रीच त्यांनी दिलेल्या तक्त्यावरून दोन्हीकडच्या कामांचे दिवस जुळवून पाहिले होते. मिल उघडायला, बॉयलर घासायला, पंप बसवायला त्यांना आमच्याइतकाच वेळ लागत होता. मग आम्हीच का मागे पडतो, ते कळेना. एवढ्या लांब येऊन हात हलवत परत जायचं, या विचाराने मी घायकुतीला आलो.

तेवढ्यात तिथली रोजची सकाळची बैठक सुरू झाली. सगळे उभेच. खेडकरसाहेबांनी कोणतं काम झालं ते विचारलंच नाही. ते म्हणाले, “बोला, काय अडलंय?”

बॉयलरचे फोरमन म्हणाले, “बॉयलरच्या टूबा आल्यात, पर त्या जोडनारा येल्डर गावाला गेलाय. चार दिस न्हाई यायचा.”

आता बोंबाबोंब होणार म्हणून मी अंग चोरलं. खेडकरसाहेब म्हणाले, “बरं झालं, आजच कळलं. दुसरा बघू.” आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आमच्याकडे रोज सकाळी मी ‘झालं का?’ विचारतो आणि सगळे ‘झालंच साहेब’ म्हणतात. न झालेलं सगळं शेवटच्या आठवड्यात बाहेर येतं. ते आता कुठे लपलं असेल, याच धास्तीत मी परतीचा प्रवास केला. नगरला बस बदलताना चहासुद्धा घेतला नाही.

एसटीतून उतरलो तो थेट आमच्या मिल हाऊसमध्ये गेलो. मिल फोरमन भाऊसाहेब हात पुसत होते.

“भाऊसाहेब, काय अडलंय?”

“काय न्हाई साहेब. समदं ओके.”

“माझं अडलंय,” मी म्हणालो. “दसऱ्याचा शब्द दिलाय आणि तो पाळता येईल असं वाटत नाही. भीती वाटतेय मला.”

त्यांनी हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “तिसऱ्या मिलच्या रोलरला चीर हाय साहेब. पोळ्यालाच दिसली हुती.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी चिडला असता.”

चिडलोच असतो. म्हणून तर एवढे दिवस रोलर इथेच पडून राहिला. आज कळलं म्हणून निदान उद्या तो वर्कशॉपला पाठवता येणार होता. पण दुरुस्तीला महिना लागतो, त्यामुळे दसऱ्याला चाचणी होणार नव्हती. दुसऱ्याचं चांगलं काम बघून आल्यावर आनंद व्हावा, असा माझा समज होता. मी तर आणखी काय काय लपलं असेल, ते बोटांवर मोजत होतो.

मोबाईल वाजला. चेअरमनसाहेब होते.

“आलात का? काय, सगळं झालं ना?”

भाऊसाहेब माझ्या तोंडाकडे बघत होते.

“नाही साहेब,” मी म्हणालो.